नंबर नसलेला दगड

पनवेलजवळच्या कळंबोलीच्या लोखंड बाजारात नंबराशिवाय काही विकलं जात नाही. पत्रा असो, सळी असो की डाय स्टीलचा गोल बार, प्रत्येकाला ग्रेड असते, हीट नंबर असतो आणि सोबत टेस्ट सर्टिफिकेट असतं: कार्बन किती, मँगनीज किती, क्रोम किती. बारच्या तोंडाला रंग फासलेला असतो, म्हणजे माल उचलणाऱ्या माथाड्याला कागद न उघडताही थप्पी ओळखू यावी. मी याच बाजारात टूल स्टील विकतो. त्यामुळे भाचीने जपानहून येताना फडक्यात गुंडाळून धार लावायचा दगड आणला, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "किती नंबरचा?"

"मामा, याला नंबर नसतो. हा खाणीतला आहे."

वीतभर लांब, चार बोटं रुंद, पिवळसर राखाडी. वरची बाजू गुळगुळीत, खालची ओबडधोबड तशीच ठेवलेली. दगड थरांचा असल्यामुळे पाणी आत शिरून फाटू नये म्हणून कडांना लाखेसारखं तकतकीत रोगण दिलेलं. जपानीत धारेच्या दगडाला 'तोइशी' म्हणतात. कारखान्यातली तोइशी तिथे कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि तिच्यावर नंबर छापलेला असतो. खाणीतल्या तोइशीची किंमत मात्र काही हजार येनांपासून लाखो येनांपर्यंत कुठेही असू शकते. एकाच खाणीतले, एकाच आकाराचे दोन दगड शेजारी ठेवले तरी भाव वेगळा. व्यापारी माणसाला हे पचत नाही, म्हणून मी खोलात शिरलो.

क्योटोच्या डोंगरातला थर

जपानात धारेचे दगड अनेक ठिकाणी निघत आले आहेत. दक्षिणेकडे कुमामोतो प्रांतातल्या अमाकुसाचा दगड जरा खरखरीत, पहिल्या-दुसऱ्या घासणीचा. शिकोकू बेटावरच्या एहिमे प्रांतात इयोचा दगड. पण शेवटची, बारीक धार देणारा दगड म्हटला की नाव निघतं क्योटोचं. शहराच्या वायव्येला नारुताकी, उमेगाहाता, अतागो डोंगर आणि पलीकडे कामेओका या पट्ट्यात शेकडो वर्षं खाणी चालल्या. तिथल्या होन्मा घराण्याला बाराव्या शतकाच्या अखेरीस या दगडाचा हक्क मिळाला, अशी परंपरा सांगतात. तलवारी घासणारे, सुतार, आचारी, न्हावी सगळे याच डोंगराचे गिऱ्हाईक. नाकायामा ही त्यातली सर्वांत नावाजलेली खाण. ती बंद पडून अर्धशतक उलटलं. आज खाणकाम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि बाजारात फिरणारा पुष्कळसा माल जुन्या साठ्यातला असतो.

कामाचा थर पातळ असतो, तिरका असतो, ठिकठिकाणी तडकलेला असतो. खाणवाले त्यातल्या वेगवेगळ्या पट्ट्यांना वेगळी नावं देतात: 'तोमाए', 'सुइता', 'आइसा' अशी. बाहेर काढलेल्यातला बराचसा दगड टाकून द्यावा लागतो. चांगल्या दिसणाऱ्या तुकड्यातही एखादी बारीक कठीण रेघ निघते, आणि ती रेघ पात्यावर ओरखडा उठवते. म्हणून विकणारा प्रत्येक दगड घासून बघतो. इथे टेस्ट सर्टिफिकेट म्हणजे त्याचा तळहात.

हा दगड तिथेच का, याचं उत्तर भूगर्भशास्त्रात आहे. हे डोंगर एके काळी खोल महासागराचा तळ होते. त्या समुद्रात रेडिओलेरिया नावाचे सूक्ष्म जीव राहत. त्यांचं कवच सिलिकाचं, म्हणजे गारगोटीच्याच जातीच्या पदार्थाचं. ते मरून तळाशी साचत आणि त्यांचा चर्ट नावाचा कठीण, काचेसारखा फुटणारा खडक बने. मग सुमारे 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवरची सर्वांत मोठी जीवहानी झाली. समुद्रातल्या दहापैकी आठांहून अधिक प्रजाती संपल्या. रेडिओलेरियाही जवळजवळ नाहीसे झाले आणि चर्ट बनणं थांबलं. त्यानंतरचा दीर्घ काळ तळावर साचत राहिली ती मुख्यतः वाऱ्याने आणलेली अतिबारीक धूळ आणि चिखल. त्याचाच पुढे थर दबला, आणि समुद्रतळ सरकत सरकत आशियाच्या काठाला येऊन चिकटला, डोंगर झाला. जपानी भूवैज्ञानिक त्या काळातल्या या खडकाला 'तोइशी प्रकारचा' खडक असंच म्हणतात.

धार लावायला दोन गोष्टी लागतात: पोलाद खरवडणारा कठीण कण, आणि तो कण वेळेवर सुटू देणारं मऊ बांधकाम. चर्टमध्ये नुसता कठीणपणा आहे, त्यावर पातं घसरतं. साध्या चिखलाच्या दगडात नुसता मऊपणा. क्योटोच्या थरात काही मायक्रॉनचे किंवा त्याहून बारीक क्वार्ट्झचे कण अभ्रकाच्या जातीच्या मऊ खनिजात बसलेले आहेत. घासताना मऊ भाग झिजतो, बोथटलेला कण सुटतो, खालचा ताजा कण वर येतो. कवचधारी जीव जगले असते तर तिथेही चर्टच झाला असता.

आपल्या काळ्या दगडाचं काय?

आता पनवेलकराला प्रश्न पडणारच, की एवढा दगड आपल्याकडे आहे, मग धारेचा का नाही? कर्नाळ्याच्या सुळक्यापासून कळंबोलीच्या फुटपाथखालच्या खडीपर्यंत सगळा बेसॉल्ट. तोही अशाच एका उलथापालथीचा साक्षीदार. क्योटोच्या थरामागच्या जीवहानीला सायबेरियातले लाव्ह्याचे प्रचंड उद्रेक कारणीभूत मानले जातात. आपलं दख्खनचं पठार सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी तशाच लाव्ह्याने घडलं, आणि डायनासोर संपण्याच्या काळाशी त्याची वेळ जुळते. तिकडे लाव्ह्याने समुद्र मारला आणि रिकाम्या समुद्रात धारेचा दगड साचला. इकडे आपल्या वाट्याला लाव्हा स्वतःच आला.

बेसॉल्ट जात्याला, पाट्या-वरवंट्याला उत्तम. त्याचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, म्हणून टाकी लावली की खरखरीतपणा टिकतो. हाच गुण धारेला मारक ठरतो. कण सुटत नाहीत, सारख्या आकाराचे नसतात आणि त्यांचा कठीणपणा कडक पोलादाच्या आसपासच असतो. विळा पाट्याच्या कडेवर घासला तर जुजबी धार येते, पण ती करवतीसारखी दातेरी.

आणि स्वयंपाकघरातला कडप्पा? ओट्याच्या कडेला सुरी घासायची सवय घरोघरी असते. कडप्पा मुळात चुनखडीचा दगड. खनिजांच्या कठीणपणाच्या एक ते दहा या मोजपट्टीवर चुनखडीचं खनिज तीनवर, क्वार्ट्झ सातवर, कुरुंद नऊवर. तीनचा दगड पोलाद काय कापणार! ओट्याची कड तेवढी झिजते. त्यापेक्षा चहाचा कप उपडा करा. बुडाच्या कड्यावर चकाकी नसते, ती खरखरीत कड सुरीला खरोखर लागते. गंमत म्हणजे एहिमे प्रांतातल्या तोबे गावी इयोच्या धारदगडाचा जो चुरा वाया जायचा, त्यापासून 1777 मध्ये चिनी मातीची भांडी बनवण्यात यश आलं, आणि तोबेची भांडी आजही प्रसिद्ध आहेत. तिथे धारेच्या दगडाचा कप झाला, आपल्याकडे कपाचा धारेचा दगड होतो.

दगड लोखंड ओळखतो

आमच्या बाजारात जुनी माणसं एक चाचणी करतात. बारवरचा रंग उडाला, कागद हरवला, की बारचं टोक ग्राइंडरला टेकवायचं आणि ठिणग्या बघायच्या. साधं लोखंड असेल तर ठिणगीची लांब, सरळ, पिवळसर रेघ. कार्बन जास्त असेल तर रेघ टोकाला फुटते, फुलबाजीसारखी फुलं पडतात. स्टेनलेस असेल तर ठिणग्या थोड्या आणि आखूड. सर्टिफिकेटाची जागा हे घेत नाही, पण दोन थप्प्या मिसळल्या असतील तर लगेच कळतं.

भाचीच्या दगडाशी खेळताना हीच चाचणी मला हळू गतीत दिसली. तिने सोबत एक जपानी सुरीही आणली होती. ही सुरी दोन धातूंची असते: धारेपुरती कडक, जास्त कार्बनच्या पोलादाची पट्टी आणि तिला आधार म्हणून मऊ लोखंड. त्या कडक पोलादांची नावं 'पांढरा कागद' आणि 'निळा कागद', कारण यासुगीच्या कारखान्यात ती ज्या रंगाच्या कागदात बांधली जात त्यावरून ओळखली गेली. बारच्या तोंडाला रंग फासणाऱ्या आम्हा लोकांना हे परकं वाटत नाही. पांढऱ्या कागदात लोखंड आणि एक टक्क्याच्या वर कार्बन, बाकी भेसळ जवळपास नाही.

दगडावर पाण्याचे चार थेंब टाकले. त्याच जातीचा छोटा तुकडा वरून फिरवला, की दुधाळ गाळ तयार होतो. हा गाळ धुवायचा नाही, कामाचा तोच आहे. पातं टेकवून पुढे-मागे नेलं. तीनचार हातांत दुधाळ पाणी काळं पडू लागलं. ते काळं म्हणजे सुटलेलं पोलाद. थोड्या वेळाने पातं दगडाला चिकटल्यासारखं ओढू लागतं, आवाज खरखरीचा राहत नाही, खोल होतो. पुसून उजेडात धरलं तर धारेची पट्टी चकचकीत आणि तिच्यावरचं मऊ लोखंड मंद, धूसर. दोघांची सीमा स्वच्छ दिसते. जपानी कारागीर या धूसरपणाला 'कासुमी' म्हणतात आणि दगडाची परीक्षा त्यावरून करतात. एकाच कणाने मऊ लोखंडावर खोल ओरखडा आणि कडक पोलादावर उथळ ओरखडा उठतो, म्हणून हा फरक.

मग माझ्या ओळखीच्या वर्कशॉपात डी-2च्या तुकड्यापासून बनवून घेतलेली सुरी मी त्याच दगडावर घासली. डी-2 हे आमच्याकडचं डाय स्टील: दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोम. पाणी काळं होईना. पातं नुसतं सरकत राहिलं, चमक आली, धार जिथल्या तिथे. कारण साधं आहे. क्रोम आणि कार्बन मिळून पोलादात कार्बाइडचे खडे तयार होतात आणि ते क्वार्ट्झपेक्षा कठीण असतात. दगडाच्या कणाला ते कापताच येत नाहीत, तो त्यांना वळसा घालतो. व्हॅनेडियम असलेल्या पोलादाची तर आणखी वाईट गत.

दुकानातली स्वस्त स्टेनलेस सुरी दुसऱ्या टोकाला. तिचं पोलाद मऊ. तिच्यावर दगड चालतो, पण घासताना कडेला निघालेली बर, म्हणजे धातूची बारीक कोर, चिवटपणे लोंबत राहते, सुटत नाही. महागड्या दगडाने दिलेली बारीक धार चार कांदे होईतो वळून बसते.

लाखभर येनांच्या दगडाबद्दल माझं मत इथे ठरलं. तो सगळ्यांत चांगला दगड नाही. तो एका विशिष्ट पोलादाचा चांगला जोडीदार आहे. जपानी लोहाराने साधं, भेसळ नसलेलं, कडक पोलाद वापरलं आणि शेजारच्या डोंगरात त्याला पुरेल इतकाच कठीण दगड होता. शतकानुशतकं दोघं एकमेकांवर घासून घडले. जोडी तोडून एकटा दगड आणला तर तो शोभेला उरतो.

नंबर आला कुठून

क्वार्ट्झच्या पलीकडचा कण आपल्याकडे पूर्वीपासून माहीत होता. कुरुंद. भंडारा जिल्ह्यात पोहऱ्याच्या बाजूला तो सापडतो. कुरुंदाची पूड लाखेत घोटून तिचं चाक बनवायचं आणि त्यावर रत्नं, अकीक घासायचे, हे आपल्या कारागिरांचं जुनं तंत्र. शिकलगारांची शाण याच कुळातली. कठीण कण आणि मऊ बांधणी, म्हणजे समुद्राच्या तळाशी झालेली जोडणी इथे माणसाने हाताने केली.

विजेची भट्टी आली आणि कणही हाताने बनू लागला. अमेरिकेत एडवर्ड अॅचिसनने वाळू आणि कोक तापवून सिलिकॉन कार्बाइड बनवलं आणि 1893 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. बॉक्साइट वितळवून कृत्रिम कुरुंदही बनू लागला. बॉक्साइट म्हणजे पावसापाण्याने युगानुयुगं धुतलेल्या खडकाचा उरलेला गाळ. कोल्हापूरच्या आणि रायगडात श्रीवर्धनच्या बाजूचा बॉक्साइट आपल्या बेसॉल्टचाच झिजून झाला आहे. तेव्हा काळा दगड धारेच्या कामाला अगदीच आला नाही असं नाही. आधी कुजला, मग भट्टीत गेला आणि त्या वाटेने आला.

या गोष्टीचा एक धागा कळंबोलीच्या अगदी जवळून जातो. उरण तालुक्यात मोरा इथे 1941 साली दोन पारशी उद्योजकांनी ग्राइंडवेल नावाने घासचाकं बनवण्याचा कारखाना काढला. देशातला हा पहिला. पुढे अमेरिकेच्या नॉर्टनशी जोडणी होऊन ग्राइंडवेल नॉर्टन हे नाव झालं आणि आज ती कंपनी फ्रान्सच्या सेंट-गोबेन समूहात आहे. आमच्या बाजारात ग्राइंडरला लावायची चाकं मागताना अजूनही लोक "नॉर्टनचं द्या" म्हणतात.

कण कारखान्यात बनला की चाळता येतो, आणि चाळला की नंबर देता येतो. जपानी मानकात 1000 नंबरच्या दगडातला कण सरासरी साडेअकरा मायक्रॉनचा, 3000चा चार, 8000चा सव्वाच्या आसपास. खाणीतल्या दगडाला हे लागू होत नाही. त्यात लहानमोठे कण मिसळलेले असतात, आणि घासताना ते आणखी बारीक होत जातात असं कारागीर मानतात. म्हणजे काम सुरू करताना आणि संपवताना एकच दगड वेगवेगळा वागतो. तो विकत घेणाऱ्याला शिकून घ्यावा लागतो.

काकांची धोकटी

शिकून घेणं म्हणजे काय, हे मी आधी थोरल्या काकांकडे पाहिलं होतं. पनवेलला त्यांचं केशकर्तनालय. धोकटीत वस्तरा, चामोटा आणि पाटीच्या रंगाचा एक छोटा दगड. वस्तऱ्याची खुबी अशी की त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. कोन पात्यातच ठरलेला असतो, हाताने धरावा लागत नाही. म्हणून सुरीपेक्षा वस्तरा घासायला सोपा. अवघड असतो तो दगड निवडायला. त्वचेवर चालणाऱ्या धारेत मायक्रॉनभर खाच असली तरी गिऱ्हाईक ओरडतं. काका दगडावर वस्तरा उलटताना नेहमी पाठीवरून उलटत, धारेवरून कधीच नाही. मग चामोट्यावर धार मागे ठेवून ओढत. मनगटावरचा केस अलगद उडाला की झालं.

अशा दगडांचा व्यापार जगभर होता. बेल्जियमच्या आर्डेन डोंगरातला पिवळा कोटिक्यूल, ज्यात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात, युरोपभर न्हाव्यांच्या दुकानात असे. नॉर्वेतल्या आइड्सबोर्गचे दगड व्हायकिंगांच्या काळात समुद्रापार विकले जात. आता सलूनमध्ये अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा आला. दाढी झाली की ब्लेड फेकायचं. रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या दृष्टीने ते योग्यच झालं, काकांनीही ते मानलं. पण धोकटीतल्या दगडाचं काम त्या दिवशी संपलं.

तर मग घरी काय करायचं

आमच्या भागातल्या घरात सुरीपेक्षा विळी मोठी. मासळी असो की नारळ, पाय पाटावर रोवून काम चालतं. विळीची पाती बऱ्याचदा ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून लोहार घडवतो. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर. चिवट, पण जपानी धारेइतकं कडक नाही. शिवाय पातं वाकडं आणि पाटाला ठोकलेलं. सुरी दगडाकडे नेता येते, विळीकडे दगडच न्यावा लागतो. म्हणून वीतभराचा सपाट दगड तिथे निरुपयोगी. हातात मावणारा, बोटभर रुंद, दोन तोंडांचा साधा दगड घ्या. जपानातही शेतकरी विळ्यासाठी लांबट छोटे दगड कमरेला लावून शेतात नेत.

सुरीसाठी कारखान्यातला 1000 नंबरचा दगड पुरे. खूपच बोथट असेल तर आधी 400च्या आसपासचा. दगड पाण्यात बुडवून घ्या. पातं दगडाशी पंधरा ते वीस अंशांत ठेवा, म्हणजे पात्याची पाठ जरा उचललेली, आणि शेवटपर्यंत तेवढीच. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला टोकापासून मुठीपर्यंत बर बोटाला लागली की मगच उलटा. बर लागली नाही तर तुम्ही अजून धारेपर्यंत पोचलाच नाहीत. शेवटी हलक्या हाताने दोन्हीकडून आळीपाळीने फिरवून बर काढा. दगडाला मध्ये खळगा पडला असेल तर तो सपाट करून घ्या, खळग्याच्या दगडावर कोन कधीच टिकत नाही.

सायकलला चाक लावून गल्लीत येणारा धारवाला आता कमी दिसतो. आला तर त्याच्याकडून जरूर धार लावून घ्या, फक्त त्याला चाकावर पाणी मारायला सांगा. कोरड्या चाकावर ठिणग्या भरपूर उडतात, गिऱ्हाईक खूश होतं. पण धारेची पातळ कड क्षणात तापते. निळी झाली म्हणजे ती साधारण तीनशे अंशांपर्यंत गेली, लोहाराने दिलेलं पाणी उतरलं. मग जगातला कुठलाही दगड ती कडक करू शकत नाही, तेवढा भाग घासून काढून टाकावा लागतो. मी धारवाल्याला हे सांगतो तेव्हा तो हसतो, बाटलीचं झाकण उघडतो आणि विचारतो, "साहेब, पाण्याचे पैसे वेगळे देणार का?" मी देतो. नवी सुरी घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.